मैदान शे, मंदिर नही

उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी भाषणात विनोबांना आणलं. १९३२ साली याच धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं केली, साने गुरुजींनी ती उतरवून घेतली, अशा गावची तुम्ही लेकरं, वगैरे. टाळ्या झाल्या. नारळ फुटला. शिट्टी झाली आणि दहाव्या मिनिटाला उजव्या गोलपोस्टमागून पहिली शिवी आली. आईवरची.

सामना चौदा वर्षांखालच्या मुलांचा होता. देवपुरातलं एक मैदान, गवत नावाला, मधोमध क्रिकेटच्या पिचचा टणक पट्टा. माझा मुलगा बारा वर्षांचा, लेफ्ट बॅक. शिवी त्यालाच होती, कारण कॉर्नरचा चेंडू त्याच्या डोक्यावरून गेला होता. देणारा माणूस पस्तिशीचा, कुणाचा तरी काका नाहीतर मामा. त्याच्या खांद्यावर पाच-सहा वर्षांचं पोरगं बसलेलं. काका ओरडला की पोरगं तेच ओरडायचं, त्याच चालीत, शेवटचं अक्षर तसंच लांबवून. बाजूचे हसायचे. ते हसले की पोरगं पुन्हा ओरडायचं.

मी शाळेत मराठी शिकवते. पाठांतर कसं होतं ते मला ठाऊक आहे. चाल लागावी लागते आणि कुणीतरी शाबासकी द्यावी लागते. इथे दोन्ही होतं.

पिशवीत तपासायच्या वह्या होत्या. त्यातल्या एकीचं मागचं कोरं पान फाडून मी रेघा ओढायला लागले. मध्यंतरापर्यंत सतरा झाल्या. त्या कोणत्या ते इथे लिहीत नाही. फुल्या मारून लिहिलं तरी वाचणारा फुल्या भरूनच वाचतो.

मध्यंतरात तो कागद जिभाऊंना दाखवला. जिभाऊ आमच्या गल्लीत राहतात. राज्य राखीव पोलीस दलातून निवृत्त झाले, नोकरीत असताना गटाच्या संघातून फुटबॉल खेळायचे, आता सकाळी साडेसहाला गळ्यात शिट्टी अडकवून गल्लीतली पोरं पळवतात. माझा मुलगा मैदानावर गेला तो त्यांच्यामुळे. त्यांचं बोलणं अहिराणीत सुरू होतं आणि तावात आलं की पोलिसी मराठीत शिरतं.

"हाई काय शे? किरानानी यादी?"

"शिव्या मोजल्या, जिभाऊ."

"कसाले?" त्यांनी कागद माझ्याकडे परत दिला. "मैदान शे ताई, मंदिर नही."

त्या वाक्याशी माझं भांडण सुरू झालं. मैदानाबाहेरच्या टपरीवर पहिला चहा, मग आमच्या ओट्यावर, मग त्यांच्या ओट्यावर, असं आठ-दहा दिवस ते चाललं.

"तुमच्या पोऱ्याला या शिव्या माहीत नाहीत असं वाटतं तुम्हाला?" जिभाऊंनी सुरुवात केली.

"माहीत आहेत. शाळेच्या रिक्षात शिकला, उरलेल्या मोबाइलवर गेम खेळताना."

"मग मैदानावर काय नवीन शिकणार? खेळतो तेवढा वेळ तर उलट त्याचं तोंड बंद असतं. दम लागलेला माणूस शिव्या देत नाही."

"शब्द कळल्याचं मला दुःख नाही. रिक्षातली शिवी दबक्या आवाजात असते, ड्रायव्हरकाकांनी ऐकू नये म्हणून. इथे मोठा माणूस, दिवसाढवळ्या, शंभर लोकांदेखत, अनोळखी पोराला आईवरून बोलतो आणि एकही मान वळत नाही. त्या दिवशी माझा मुलगा हे शिकला. शिवी जुनीच होती."

"म्हणजे चोरून दिली तर चालते?"

"चोरून देणाऱ्याला ती चूक आहे हे तरी माहीत असतं."

जिभाऊंना हे पटलं नाही. त्यांच्या मते मी मास्तरणीसारखं बोलत होते, आणि मास्तरणीच आहे म्हटल्यावर त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्यांचा खरा मुद्दा दुसऱ्या दिवशी आला, आणि तो वजनदार होता. मैदानावरच्या बंदोबस्ताचं सगळ्यांत मोठं दुखणं कोणतं, असं त्यांनी मला विचारलं. ऊन, मी म्हटलं.

"ऊन नाही. सामना दिसत नाही. पोलीस मैदानाकडे पाठ करून उभा असतो, तोंड गर्दीकडे. मागे गोल होतो, समोरचे पाच हजार लोक उड्या मारतात, आणि गोल कुणी मारला ते तुम्हाला घरी गेल्यावर कळतं. मी कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर असा उभा राहिलोय. फुटबॉल पाहिला नाही, माणसं पाहिली."

कोल्हापूरचं नाव निघाल्यावर मला थोडं सांगणं भाग आहे, कारण धुळ्याच्या वाचकाला त्याची कल्पना येत नाही. आपल्याकडे फुटबॉल म्हणजे शाळांचे सामने, पावसाळ्यातली सुब्रतो कपची जिल्हा फेरी, तिथून नाशिक विभाग, आणि बहुतेकांचा प्रवास तिथेच संपतो. कोल्हापुरात संघ तालमींचे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब. पेठ बदलली की संघ बदलतो, आणि आजोबा, बाप, नातू एकाच संघाचे. स्थानिक लीगच्या सामन्याला तिथे हजारोंनी माणसं येतात. अनिकेत जाधव याच मातीतला. २०१७च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात तो भारताकडून खेळला. आणि त्याच मैदानावरच्या हुल्लडबाजीच्या, दगडफेकीच्या, थांबवलेल्या सामन्यांच्या बातम्याही वर्षानुवर्षं येत आल्या आहेत.

"तिथे शिव्या तालात असतात," जिभाऊ म्हणाले. "अख्खी बाजू एका सुरात. बापाच्या मांडीवर नातवंडांएवढी पोरं. पहिल्या दिवशी मला पण कसंतरी झालं. मग लक्षात आलं, जी बाजू शिव्या देते तिची काळजी नाही. बाजू एकदम गप्प झाली की आमचे साहेब काठी सरळ करायला सांगायचे. तोंड चालतं तोवर हात चालत नाही, ताई. ती वाफ आहे. झाकण लावलं तर कुकर फुटेल."

"आणि तोंड चालता चालता हात चालला, असं कधीच झालं नाही?"

जिभाऊ खोटं बोलत नाहीत. थोडा वेळ त्यांनी बशीतला चहा फुंकला. "झालं. दोनदा. एकदा तर सुरुवातच एका शब्दाने झाली. कोणती तालीम ते विचारू नका."

मी विचारलं नाही. पण वाफेचा सिद्धान्त तिथे थोडा गळायला लागला होता, आणि ते त्यांनाही कळलं होतं, कारण पुढच्या वेळी ते वेगळंच शस्त्र घेऊन आले: सुनील छेत्री.

"तुम्ही फुटबॉल पाहत नाही म्हणून सांगतो. २०१८, जून महिना, अंधेरीचं मैदान. भारत पाच-शून्यने जिंकला तैपेईच्या संघाशी, छेत्रीने तीन गोल मारले. प्रेक्षक किती? दोन हजार पाचशे एकोणसत्तर. मुंबईसारख्या शहरात! मग त्याने व्हिडिओ काढला, हात जोडले. म्हणाला, इंटरनेटवर कसल्या शिव्या देता, मैदानात या, आमच्या तोंडावर द्या. खुद्द कप्तान म्हणतो शिव्या द्या, पण या. पुढच्या सामन्याला, चार तारखेला, केनियाविरुद्ध, भर पावसात मैदान भरलं. त्याचा शंभरावा सामना होता. आता बोला."

मी तो व्हिडिओ पाहिला होता. त्यात पुढे आणखी एक वाक्य आहे, जे जिभाऊ सोयीने गाळतात: कदाचित आम्ही तुम्हाला बदलू, कदाचित तुम्ही आमच्यासाठी ओरडायला लागाल. पण माझा आक्षेप त्यावर नव्हता.

"छेत्री तेव्हा तेहतीस वर्षांचा होता, जिभाऊ. देशाचा कप्तान. त्याने स्वतःसाठी शिवी मागितली. माझ्या मुलाने मागितलेली नाही."

"मागेल. खेळत राहिला तर."

"तेव्हा द्या."

त्यावर ते हसले. पण त्यांची भीती खरी होती, आणि ती मला तेव्हा पहिल्यांदा नीट समजली. त्यांना शिव्यांचं प्रेम नाही. त्यांना रिकाम्या मैदानाची धास्ती आहे. १५ सप्टेंबर २०१७ ला सरकारने अख्ख्या महाराष्ट्रात एकाच दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवायचं ठरवलं, शाळाशाळांत चेंडू पोहोचले. जिभाऊ त्या दिवशी चार शाळांत फिरले होते. पुढच्या वर्षी त्यांनी त्या चेंडूंची चौकशी केली. एका ठिकाणी ते कपाटात होते आणि कपाटाची किल्ली बदली झालेल्या सरांकडे होती. "धुळ्यात मैदानावर माणूस यावा म्हणून मी वीस वर्षं धडपडतोय," ते म्हणाले, "आणि आलेला माणूस तुम्ही तोंड धुवून ये म्हणून परत पाठवणार."

माझ्याकडे उपाय होते, म्हणजे कागदावरचे. भारतीय न्याय संहितेचं कलम २९६: सार्वजनिक जागी अश्लील बोलून दुसऱ्याला त्रास दिला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जिभाऊंनी ते मला पूर्ण वाचूही दिलं नाही. "पूर्वीचं २९४. मैदानावरच्या शिवीसाठी ठाण्यात गेलात तर ठाणे अंमलदार तुम्हाला पाणी देईल, बसवेल आणि समजावून घरी पाठवेल. तो तक्रार लिहिताना शेजारच्या खोलीत कोण काय बोलतंय तेही तुम्हाला ऐकू येईल."

मग मी सौंदाळ्याचं सांगितलं. नेवासे तालुक्यातलं गाव. नोव्हेंबर २०२४मध्ये तिथल्या ग्रामसभेने ठरावच केला, आईबहिणीवरून शिवी दिली की पाचशे रुपये दंड. हे त्यांना आवडलं, पण वेगळ्या कारणाने. "गाव आहे ते. तिथे शिवी देणाऱ्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव, शेत कुठे, सगळं माहीत. मैदानावर पावती कुणाच्या नावाने फाडणार?"

इंग्लंडमध्ये २००८पासून मुलांच्या सामन्यांत पालकांना रेषेपासून लांब, दोरीच्या पलीकडे उभं करण्याची मोहीम आहे, हेही सांगून झालं. दोरी दुसऱ्या दिवशी कुणाच्या म्हशीच्या गळ्यात दिसेल, असं उत्तर आलं. यावर वाद घालण्यासारखं काही नव्हतं.

आणि मग बोरीचा बार निघाला. मला वाटलं होतं, जिभाऊ तुकोबांवर जातील. शिव्यांची बाजू घेणारे सगळे शेवटी तुकोबांच्या आड लपतात. जिभाऊ गेले साताऱ्याला. खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी ही दोन गावं, मधे ओढा. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्हीकडच्या बायका आपापल्या काठावर जमतात, वाद्यं वाजतात, आणि हातवारे करत एकमेकींना शिव्या घालतात. पोरंबाळं, म्हातारेकोतारे सगळे पाहायला. "बायका! आणि पोरांसमोर!" जिभाऊ विजयी मुद्रेने म्हणाले. "आपल्याकडे तरी काय? लग्नात वऱ्हाडाला गाण्यातून शिव्या पडत नव्हत्या? माझ्या लग्नात तुमच्या वहिनीच्या मावश्यांनी माझ्या बापाला जे ऐकवलं ते मी पंचवीस वर्षं नोकरीत ऐकलं नाही. आणि बाप खाली मान घालून हसत होता. आखाजीला नदीवर गौराई आणायला गेलेल्या पोरी कशा तोंड सोडायच्या, विचारा तुमच्या आजीला."

आजी नाही आता. पण मला तिचं सांगणं आठवत होतं आणि जिभाऊ खरं बोलत होते. त्या रात्री मी हरले असंच मला वाटलं. शिवी आपल्या सणांत आहे, लग्नांत आहे, शिमग्यात तर आहेच. मग मैदानावरच माझं डोकं का फिरावं?

उत्तर माझ्या मुलाने दिलं, तेही भलत्याच कारणाने. जेवताना मी विचारलं, तो माणूस ओरडला तेव्हा तू काय केलंस? म्हणाला, काहीच नाही. का? म्हणाला, "मी उलट बोललो असतो तर रेड कार्ड."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी मैदानावर हजर होते. जिभाऊंना वाटलं, मुलाचा डबा विसरला.

"जिभाऊ, बोरीच्या बाराला एका काठावरच्या बायका गप्प उभ्या असत्या आणि दुसऱ्या काठावरून नुसत्या शिव्या येत असत्या, तर त्याला बार म्हणाले असते का?"

"मग मजा काय?"

"तुमच्या लग्नात मुलीकडच्यांनी गाणी म्हटली. तुमच्याकडच्या बायका गप्प बसल्या?"

"आमच्या काकूंनी दुप्पट वसूल केलं."

"आणि मैदानावर? माझ्या मुलाने उलट शब्द काढला तर रेफ्री काय करेल?"

जिभाऊंना फुटबॉलचे नियम तोंडपाठ आहेत. बारावा नियम: अपमानकारक, शिवराळ भाषा वापरणाऱ्या खेळाडूला थेट लाल कार्ड. २०१९पासून प्रशिक्षकालाही कार्ड दाखवता येतं. प्रेक्षकाला कार्ड नाही. रेफ्री फार तर सामना थांबवू शकतो, आणि गावातल्या सामन्यातला रेफ्री म्हणजे दुसऱ्या शाळेचा क्रीडाशिक्षक. त्याला संध्याकाळी त्याच रस्त्याने घरी जायचं असतं. रेषेवर रुमाल घेऊन धावणारा तर नववीतला मुलगा.

"म्हणजे नियमाने पोराचं तोंड बांधलं," मी म्हटलं, "आणि काकाचं मोकळं ठेवलं. ओढ्याच्या एका काठावर मोठी माणसं, दुसऱ्या काठावर बारा वर्षांची पोरं आणि त्यांना बोलायची बंदी. बार म्हणू नका याला. शिवी देणाऱ्याला शिवी परत मिळाली पाहिजे, मग मी रेघा ओढणार नाही. तुमच्या टपरीवर मित्रामित्रांत काय चालतं ते मी मोजते का?"

जिभाऊंनी शिट्टी तोंडात धरली होती, वाजवली नाही. पोरं वळसे मारत होती, ती एक वळसा जास्तच मारून आली.

"मुलींच्या सामन्यात शिव्या येत नाहीत," ते बऱ्याच वेळाने म्हणाले. बचावाचा शेवटचा प्रयत्न असावा.

"शेरे येतात. त्यापेक्षा शिवी बरी."

"ते खरं." आणि मग एकदम पोलिसी मराठीत, "या सगळ्या शिव्या कुणाच्या नावाने आहेत? आयांच्या. सदर आया घटनास्थळी कुठे आहेत? हजर करा."

मला आधी राग आला. पुरुषांच्या तोंडाची राखण पुन्हा बायकांनीच करायची? आम्ही दिसलो की ते जीभ आवरणार, आणि आम्ही वळलो की सुटणार. हा कसला उपाय? जिभाऊ म्हणाले, राखण करायला नका येऊ, सामना बघायला या. वीस वर्षं ते माणसं गोळा करतात आणि त्यात बायकांना बोलवायचं त्यांना सुचलंच नव्हतं, हे त्यांनी कबूल केलं. मीही त्यांना इस्तंबूलची गोष्ट सांगितली. फेनेरबाचे संघाच्या प्रेक्षकांनी दंगा केला म्हणून तुर्कस्तानात रिकाम्या स्टेडियमवर खेळण्याची शिक्षा झाली होती. ती बदलून २० सप्टेंबर २०११ ला फक्त बायका आणि बारा वर्षांखालच्या मुलांना आत सोडलं, फुकट. एक्केचाळीस हजारांवर आल्या. "आणि ओरडल्या?" जिभाऊंनी विचारलं. ओरडल्या की, आपल्या संघाची गाणी म्हटली, आणि समोरच्या संघाचं टाळ्यांनी स्वागत केलं. ते समाधानाने हसले. मैदान गप्प झालं नाही, एवढंच त्यांना हवं होतं.

पुढचा सामना रविवारी होता. गल्लीतल्या घराघरांत मी सांगून आले. पण धुळ्यात कुठलाही बेत ठरवताना आधी नळाचं विचारावं लागतं, आणि त्या रविवारी नेमकं आमच्या भागात पाणी येणार होतं, कितीतरी दिवसांनी. माझ्यासकट चौघीच जमलो. गोलपोस्टमागे, बरोबर काकांच्या शेजारी आम्ही सतरंजी टाकली. काका पोराला खांद्यावर घेऊन आले, आमच्याकडे पाहिलं, आणि खांदा बदलला. पूर्वार्धात माझ्या कागदावर तीन रेघा झाल्या, आईवरची एकही नाही.

मध्यंतरात घरांतून फोन आले, नळ सुटला म्हणून. तिघी उठून गेल्या. उत्तरार्धात सतरंजीवर मी एकटी, आणि रेघा अकरा. जिभाऊंचं म्हणणं, अकरावी धरू नये. पेनल्टी नाकारली तेव्हा ती चुकून गेली, आणि ती रेफ्रीला होती, पोरांना नाही.

मी धरली आहे.